लिबरेटर बुडाली तेव्हा

१८९२ सालचा सप्टेंबर, तारीख दोन, वार शुक्रवार. लंडनमधल्या ‘लंडन अँड जनरल बँके’ने त्या दिवशी पैसे देणे बंद केले. बँक काही फार मोठी नव्हती, आणि बँक बुडाल्याचे अप्रूप त्या काळच्या लंडनला उरलेही नव्हते. पण ज्यांना आतली गोष्ट ठाऊक होती त्यांच्या पोटात गोळा आला. ही बँक म्हणजे एका मोठ्या गोतावळ्याची तिजोरी होती आणि त्या गोतावळ्यात पैसा आणणारी होती ‘लिबरेटर परमनंट बेनिफिट बिल्डिंग सोसायटी’. ब्रिटनमधली सर्वांत मोठी बिल्डिंग सोसायटी. काही आठवड्यांत तीही अवसायनात निघाली.

लिबरेटरमध्ये पैसे ठेवणारे लोक सट्टेबाज नव्हते. रविवारी दोनदा चॅपेलला जाणारी, दारूला न शिवणारी, उधारीला घाबरणारी ही माणसे. गावोगावच्या विधवा, लग्न न झालेल्या बहिणी, शाळामास्तर, छोटे दुकानदार, मोलकरणी, निवृत्त पाळक. ‘आपल्या लोकांची संस्था’ म्हणून त्यांनी तिथे पुंजी ठेवली होती. त्यांतल्या पुष्कळांना ती ठेवायला त्यांच्याच मंडळीच्या पाळकाने सांगितले होते.

इंग्लंडमध्ये राजमान्य चर्च एक. त्याच्या बाहेर राहिलेले बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनलिस्ट, मेथडिस्ट हे पंथ म्हणजे तिथले असंमत प्रोटेस्टंट. त्यांचे प्रार्थनाघर म्हणजे चॅपेल. ते ज्या चर्चला जात नसत त्याच्या डागडुजीचा कर त्यांनाही भरावा लागे. ही सक्ती १८६८ मध्ये उठली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे त्यांच्यासाठी पुरती उघडली ती १८७१ मध्ये. सरकारदरबारी मान नाही म्हटल्यावर त्यांनी आपले जग आपणच उभारले होते: आपल्या शाळा, आपली वर्तमानपत्रे, दारूबंदीच्या आपल्या सभा. काटकसर हा त्यांच्या धर्माचाच भाग झाला होता. त्यात राजकारणही होते. ठरावीक किमतीची स्थावर मालमत्ता असलेल्याला मत मिळे, म्हणून १८४० च्या दशकात या लोकांनी जमिनी विकत घेऊन, तुकडे पाडून सभासदांना वाटणाऱ्या संस्था काढल्या. घर झाले की माणूस मतदार झाला.

बिल्डिंग सोसायटी त्याहून जुनी. पहिली ज्ञात सोसायटी १७७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘गोल्डन क्रॉस’ नावाच्या खानावळीत सुरू झाली. तिची रीत आपल्या भिशीसारखी होती. वीस-पंचवीस जणांनी महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, गंगाजळी साठली की चिठ्ठी निघेल त्याचे घर बांधायचे आणि शेवटच्या सभासदाला घर मिळाले की सोसायटी मोडायची. सगळे एकमेकांना ओळखत. पैसे भरणारा आणि घर घेणारा एकच असल्याने लबाडी करायची तर स्वतःशीच करावी लागे. १८४५ च्या सुमारास ‘परमनंट’ म्हणजे कायम चालणाऱ्या सोसायट्या निघाल्या आणि हे गणित बदलले. आता काही जण नुसते पैसे ठेवत, काही जण नुसते कर्ज घेत. ज्या बाईला घर नको आहे, फक्त व्याज हवे आहे, तीही सोसायटीची सभासद होऊ शकली. आपल्या पैशांचे पुढे काय होते हे पाहण्याची तिची शक्यता मात्र संपली. माझ्या मते लिबरेटरच्या गोष्टीचे मूळ इथे आहे, तिच्या संस्थापकाच्या चारित्र्यात ते नंतर येते.

संस्थापकाचे नाव जेबझ स्पेन्सर बाल्फोर. जन्म १८४३, लंडनचा. आई क्लारा लुकास बाल्फोर दारूबंदी चळवळीतली नावाजलेली वक्ती आणि लेखिका. तिची पुस्तके चॅपेलच्या घराघरांत वाचली जात. म्हणजे या मुलाला बाजारात पत कमवावी लागली नाही, आईकडून वारशातच मिळाली. १८६८ मध्ये, चर्च-कराची सक्ती उठली त्याच वर्षी, त्याने लिबरेटर काढली. चर्चला सरकारी आश्रयातून सोडवण्यासाठी लढणारी ‘लिबरेशन सोसायटी’ तेव्हा ऐन भरात होती. तिच्याशी सांगड वाटेल असेच नाव त्याने घेतले. संचालक आणि आश्रयदाते म्हणून चॅपेलच्या जगातली वजनदार नावे जमवली. मग त्याने खरी करामत केली: गावोगावच्या पाळकांना, डीकनांना, रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एजंट नेमले. ठेव आणली की कमिशन.

पाळकांवर इथे फार ताशेरे ओढू नयेत. छोट्या चॅपेलच्या पाळकाचा पगार मंडळीच्या वर्गणीतून येई आणि तो बेताचाच असे. काटकसर करा, दारूवर पैसे उडवू नका, असे तो व्यासपीठावरून सांगतच होता. वाचलेले पैसे कुठे ठेवावेत हेही त्याने सांगितले, यात त्याला काही गैर वाटण्याचे कारण नव्हते. कमिशन मात्र त्याने घेतले. ही गोष्ट पुढे त्याला रात्री झोपू देणार नव्हती.

ठेवीदाराच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ होता. एखाद्या विधवेकडे नवऱ्यामागे चारशे पौंड राहिले आहेत असे धरू. पोस्टाच्या बचत बँकेत व्याज अडीच टक्के. सरकारी रोख्यांवर वर्षानुवर्षे तीन टक्के मिळत होते, पण १८८८ मध्ये अर्थमंत्री गोशेन यांनी ते पावणेतीनवर आणले. चारशे पौंडांवर वर्षाला अकरा पौंड. लिबरेटर ठेवींवर चार टक्के देई आणि शेअर घेतले तर पाच. म्हणजे वीस पौंड. अकरा आणि वीस यांतल्या नऊ पौंडांत एकट्या बाईचा हिवाळ्यातला कोळसा, वर्षाचे बूट आणि चॅपेलची वर्गणी भागे. लोभ म्हणावा असे यात काय आहे?

ठेव आणि शेअर यांत एका टक्क्यापलीकडचा मोठा फरक होता. ठेवीदार हा सोसायटीचा धनको. सोसायटी मोडली तर मालमत्तेतून त्याचे आधी फेडायचे. शेअर घेणारा हा मालक. बाकी सगळ्यांचे फेडून उरले तर त्याचे. पासबुकाचा कागद दोघांचा सारखाच गुळगुळीत. पाच टक्क्यांचे कागद घेताना आपण रांगेत मागे जाऊन उभ्या राहत आहोत, हे त्या बाईला कोण सांगणार? एजंटालाही ते नीट ठाऊक असेलच असे नाही.

सुरुवातीची काही वर्षे लिबरेटरने खरोखरच लहान घरांसाठी कर्जे दिली. १८८० च्या सुमारास ती देशात सर्वांत मोठी झाली होती, आणि एवढा पैसा छोट्या घरकर्जांत जिरवणे जिकिरीचे झाले होते. तोवर बाल्फोरने आजूबाजूला कंपन्यांचे जाळे विणले होते. ‘लँड्स अलॉटमेंट कंपनी’ जमीन विकत घेई. ती जमीन चढ्या भावाने ‘हाउस अँड लँड इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’ला विके. विकत घ्यायला पैसे लिबरेटर देई, तीच जमीन तारण घेऊन. विकणाऱ्या कंपनीच्या वहीत नफा दिसे, त्यावर लाभांश वाटला जाई, लाभांश पाहून नवे लोक शेअर घेत. जमीन पुन्हा तिसऱ्या कंपनीला, आणखी चढ्या भावाने. बांधकामाला हॉब्ज नावाच्या कंत्राटदाराची कंपनी होती. तिलाही पैसे लिबरेटरचेच. ताळेबंदाची तारीख जवळ आली की धनादेश या कंपनीतून त्या कंपनीत फिरत, म्हणजे प्रत्येकीच्या तिजोरीत त्या दिवशी रोकड दिसे. शेवटी शेवटी लिबरेटरच्या कर्जांपैकी घर बांधणाऱ्या लहान माणसाकडे गेलेला भाग नगण्य होता. बाकी सगळे घरातल्या घरात.

जे बांधले ते भव्य होते, एवढे मानले पाहिजे. हाइड पार्क कोर्ट, टेम्सकाठचे व्हाइटहॉल कोर्ट आणि स्ट्रँडवरचे हॉटेल सेसिल. हे हॉटेल सोसायटी बुडाली तेव्हा अर्धवट होते. दुसऱ्यांनी पुरे करून १८९६ मध्ये उघडले तेव्हा ते युरोपातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलांपैकी होते. ट्रान्सव्हालमधल्या हिंदी लोकांचे गाऱ्हाणे घेऊन गांधीजी १९०६ मध्ये लंडनला गेले ते याच हॉटेलात उतरले होते. दारूला न शिवणाऱ्या विधवांच्या पैशांवर लंडनमधल्या सर्वांत झगमगीत मद्यालयांपैकी एकाचा पाया घातला गेला, ही थट्टा तेव्हाच्या वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

बाल्फोर स्वतः या काळात चढतच होता. १८८० मध्ये टॅमवर्थचा खासदार, १८८३ मध्ये क्रॉयडनचा पहिला महापौर, १८८९ पासून बर्नलीचा खासदार. जुलै १८९२ च्या निवडणुकीतही तो निवडून आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मात्र एक गोष्ट घडली होती, जी बाहेर कळली तीन वर्षांनी, न्यायालयात. लंडन अँड जनरल बँकेचा ऑडिटर थिओबाल्ड याने हिशेब तपासले. बँकेची कर्जे गोतावळ्यातल्याच मोजक्या कंपन्यांकडे अडकली आहेत आणि त्यांचे तारण पुरेसे नाही हे त्याला दिसले. संचालकांना दिलेल्या अहवालात त्याने ते स्पष्ट लिहिले. यंदा लाभांश देऊ नये, असेही एक वाक्य लिहिले. बाल्फोरने समजूत घातली आणि ते वाक्य खोडले गेले. भागधारकांना गेलेल्या कागदावर एवढेच राहिले की मालमत्तेची किंमत ती विकून काय येईल त्यावर अवलंबून आहे. वाक्य खरे होते. त्यातून कुणाला काही कळणार नव्हते, हेही खरे होते. १८९५ मध्ये न्यायमूर्ती लिंडली यांनी या ऑडिटरला चुकीच्या लाभांशासाठी जबाबदार धरले. माहिती द्यायची, की माहिती शोधायला प्रवृत्त करील असा आडून इशारा द्यायचा, यातला फरक त्यांनी त्या निकालात सांगितला, आणि ऑडिटचे शिक्षण घेणाऱ्याला तो खटला आजही वाचावा लागतो.

सप्टेंबरात बँक पडली आणि लंडनभर घबराट पसरली. ‘बर्कबेक’ नावाची दुसरी संस्था बँक आणि बिल्डिंग सोसायटी दोन्ही होती. तिचा बाल्फोरशी काडीचा संबंध नव्हता, तरी तिच्या दारात पैसे काढायला दिवसचे दिवस झुंबड उडाली. तिच्याकडे सरकारी रोखे भरपूर होते. ते विकून तिने मागेल त्याला पैसे दिले आणि ती वाचली. लिबरेटरकडे विकायला रोखे नव्हते. अर्धवट इमारती होत्या, आणि एकमेकांना देणे लागणाऱ्या कंपन्या. सगळ्या गोतावळ्याची देणी सत्तर-ऐंशी लाख पौंडांच्या घरात गेली. वर्ष संपायच्या आत बाल्फोर देशाबाहेर निसटला होता.

इथपर्यंतची हकीकत इंग्रजीत अनेकदा सांगितली गेली आहे. बाल्फोर अर्जेंटिनात पळाला, तिथे डोंगराळ साल्टा प्रांतात सापडला. स्थानिक लोक कोर्टात दावे लावून त्याला तिथेच अडकवू पाहत होते, म्हणून स्कॉटलंड यार्डच्या इन्स्पेक्टर फ्रोस्टने त्याला खास आगगाडीत घातले. गाडी अडवायला घोड्यावरून आलेला एक अंमलदार तिच्याखाली सापडून मेला, असे सांगतात. ही कथा रंगतदार आहे आणि त्यामुळेच तिने बाकी सगळे झाकून टाकले. बाल्फोरला १८९५ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली, १९०६ मध्ये तो सुटला, तुरुंगातल्या दिवसांवर लिहून त्याने पैसेही मिळवले आणि १९१६ मध्ये आगगाडीच्या डब्यात मेला. पण तो इंग्लंडच्या तुरुंगात असो की अर्जेंटिनाच्या डोंगरात, त्या चारशे पौंडांच्या बाईच्या घरी चूल पेटायला त्याचा काही उपयोग नव्हता.

तिचे काय झाले?

ठेवींना विमा नव्हता. सरकारी म्हातारपणाची पेन्शन ब्रिटनमध्ये सुरू झाली १ जानेवारी १९०९ ला, तीही सत्तरीनंतर, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. १८९२ मध्ये साठीला आलेल्या एकट्या बाईपुढे वाटा मोजक्याच होत्या. भावाच्या किंवा पुतण्याच्या घरी जाऊन राहायचे. घरात भाडेकरू ठेवायचा. डोळे साथ देत असतील तर शिवणकाम करायचे. यातले काहीच नाही जमले तर निराधार गरिबांसाठीचे सरकारी ‘वर्कहाउस’. त्याची धास्ती त्या पिढीला मरणाहून जास्त होती. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून शिलिंग-शिलिंग साठवले, त्यांच्यावर ही वेळ आली. अब्रूदार माणसांची गरिबी दिसत नाही. पडदे तसेच असतात, आतले चांदीचे चमचे गेलेले असतात. चॅपेलला येणे आधी एका रविवारी चुकते, मग दर रविवारी, कारण वर्गणीच्या थाळीत टाकायला काही नसते.

आणि पाळक? एखाद्या गावात दहा-पंधरा कुटुंबांनी त्याच्या शब्दावर पैसे ठेवलेले. तो रविवारी व्यासपीठावर उभा राहिला की समोर तीच तोंडे. काहींचे स्वतःचेही पैसे गेले होते, आणि ते एका परीने त्यांच्या पथ्यावर पडले. निदान एका बाकावर बसून रडता आले. चर्चच्या संघटनांवर कायद्याने काही जबाबदारी नव्हती. लिबरेटर ही स्वतंत्र नोंदणीची संस्था होती, चॅपेलची नव्हे. हे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. पण ठेवी आणताना हे कुणी म्हटले नव्हते.

चॅपेलच्या जगाने जे केले ते दान. ‘लिबरेटर रिलीफ फंड’ स्थापन झाला. स्टॉकवेल वॉट्स नावाचे एक पाळक त्याचे चिटणीस झाले आणि त्यांनी पुढची वर्षे या कामाला वाहून घेतली. चॅपेलांतून वर्गणी गोळा झाली, वृत्तपत्रांतून आवाहने झाली. मदत मागणाऱ्यांत म्हाताऱ्या, एकट्या, आजारी स्त्रियांचा भरणा होता. फंडाने शक्य तितक्यांना थोडे थोडे दिले. त्या पैशांनी किती जणी वर्कहाउसपासून वाचल्या हे त्या जाणोत. वॉट्स यांच्या कष्टांबद्दल आदरच वाटतो. तरीही या व्यवहारातली एक गोष्ट खुपते. मदत अर्ज करून मिळायची. अर्जात आपले वय, आपले दुखणे, नातेवाईक का सांभाळत नाहीत, किती बुडाले, हे सगळे लिहायचे. मग कुणीतरी चौकशी करून पात्र की अपात्र ते ठरवायचे. कालपर्यंत जिच्या हातात चार टक्क्यांची पावती होती, जिचे घेणे हा तिचा हक्क होता, ती आज पात्र गरीब ठरण्यासाठी रांगेत होती. शिवाय फंडात पैसे टाकणारेही बहुतेक चॅपेलचेच लोक, म्हणजे भरपाई करणारे आणि बुडालेले यांची बाके शेजारी-शेजारी.

संसदेने १८९४ मध्ये बिल्डिंग सोसायट्यांचा नवा कायदा केला. पाच हजार पौंडांवरच्या कर्जांची यादी हिशेबात वेगळी दाखवायची, थकलेली कर्जे आणि जप्त मालमत्ता उघड करायची, सभासदांनी मागणी केली तर निबंधकाने तपासणी नेमायची. नव्या सोसायट्यांत चिठ्ठी टाकून कर्ज देण्याची जुनी रीतही बंद झाली. कायदा चांगला होता. ठेवीची हमी मात्र त्यात कुठे नव्हती. ती कल्पना यायला अजून काळ होता. आपल्याकडे ती आली १९६२ मध्ये, तीही १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर. पतसंस्थेतल्या ठेवीला त्या विम्याचे छत्र आजही नाही, हे आपल्याकडे पावती फाडताना किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. आणि धर्माच्या नावावर संस्था काढली की ती बुडतेच असेही नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९१८ मध्ये काढलेली पतपेढी आज बेसिन कॅथलिक बँक म्हणून उभी आहे.

लिबरेटरचे प्रकरण मनात घेऊन उत्तर आयर्लंडकडे पाहिले की थबकायला होते. बेलफास्टला १९८२ मध्ये ‘प्रेस्बिटेरियन म्युच्युअल सोसायटी’ स्थापन झाली. सभासदत्व फक्त आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या लोकांना. सोसायटीचे नाव चर्चचे, माणसे चर्चची, आणि मंडळ्यांनी आपापले निधीही तिथेच ठेवलेले. नोंदणी औद्योगिक व सहकारी संस्थांच्या कायद्याखाली, म्हणजे बेलफास्टच्या एका सरकारी खात्याकडे. बँकांवर देखरेख करणारे लंडनला. सोसायटी या दोघांच्या मधल्या फटीत होती. बचतीचे पैसे जमिनी, व्यापारी इमारती आणि विकसकांना कर्जे यांत गेले होते. २००७ पर्यंत उत्तर आयर्लंडमधले जागांचे भाव आभाळाला भिडत होते. मग ते कोसळले.

सोसायटी पडली ती मात्र दुसऱ्यांना मिळालेल्या हमीमुळे. ३० सप्टेंबर २००८ रोजी डब्लिनच्या सरकारने आपल्या मोठ्या बँकांतल्या सगळ्या ठेवींची हमी जाहीर केली. आठवड्याभरात लंडनने बँक-ठेवींचे संरक्षण पन्नास हजार पौंडांपर्यंत वाढवले. शेतकऱ्याने, निवृत्त शिक्षिकेने साहजिकच विचारले: आमच्या सोसायटीला ही हमी आहे का? नव्हती. पैसे काढणाऱ्यांची रीघ लागली. थोड्याच आठवड्यांत दोन कोटी पौंडांच्या आसपास रक्कम बाहेर गेली आणि नोव्हेंबरात सोसायटी प्रशासकाच्या ताब्यात गेली. सुमारे दहा हजार बचतदारांचे तीस कोटी पौंडांहून अधिक अडकले. आइसलँडच्या बुडालेल्या बँकेतल्या ब्रिटिश ठेवीदारांना त्याच महिन्यांत लंडनने वाचवले होते. बेलफास्टच्या लोकांना हे विसरणे जड गेले.

आणि इथेही तीच जुनी गाठ. अशा संस्थेत एका सभासदाला वीस हजार पौंडांपर्यंतच शेअर ठेवता येत. त्यावरची रक्कम सोसायटी कर्ज म्हणून घेई. म्हणजे ज्याचे पंधरा हजार तो मालक, त्याचा नंबर शेवटी. ज्याचे दोन लाख त्याचे एक लाख ऐंशी हजार कर्ज, त्याचा नंबर आधी. एकाच चर्चमध्ये एकाच बाकावर बसणारी दोन माणसे कायद्याच्या रांगेत अशी पुढे-मागे झाली, आणि मागे पडला तो लहान.

फरक पडला तो पुढे. १८९२ च्या विधवांनी अर्ज भरले. २००८ च्या बचतदारांनी सभा घेतल्या, खासदारांना गाठले, चर्चच्या मॉडरेटरांना, म्हणजे प्रमुखांना, लंडनला पाठवले. हे पद दर वर्षी जूनमध्ये बदलते. एकामागून एक तीन मॉडरेटरांच्या कारकिर्दी या प्रश्नात गेल्या. गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारने मंत्र्यांचा गट नेमला. फेब्रुवारी २०१० मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या ट्रेझरी समितीने या प्रकरणावर स्वतंत्र अहवाल दिला. निवडणुकीत सरकार बदलले, डेव्हिड कॅमेरन यांनी न्याय्य तोडग्याचा शब्द दिला. ऑक्टोबर २०१० मध्ये तो आकड्यांत उतरला: साडेसतरा कोटी पौंडांचे कर्ज लंडनच्या तिजोरीतून बेलफास्टच्या सरकारला, अडीच कोटी रोख तिथूनच आणि अडीच कोटी बेलफास्टचे. कायदेशीर जबाबदारी नाकारणाऱ्या चर्चने दहा लाख पौंड घातले.

योजनेवर २०११ च्या उन्हाळ्यात मतदान झाले. कर्जधारकांनी मते दिली, भागधारकांनी दिली, दोन्हीकडे ती मंजूर झाली आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्का मारला. वीस हजारांपर्यंतच्या बचतदारांना, कायद्याच्या रांगेत जे शेवटी होते त्यांना, पूर्ण रक्कम मिळणार होती. मोठ्यांना बराचसा भाग आता आणि बाकीचे, काही आलेच तर, इमारती विकल्या जातील तसतसे. ऑगस्टमध्ये पैसे सुटायला सुरुवात झाली. तोवर पावणेतीन वर्षे गेली होती आणि बचतदारांतले बरेच जण सत्तरीच्या पुढचे होते. काहींचे धनादेश त्यांच्या वारसांच्या नावाने निघाले.